ह-क-म : हुकूम, हकीम आणि हिकमत यांचा अरबी धातू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : हुकूम, हुकूमत, हाकिम, हकीम, हिकमत आणि हिंदी-उर्दूतील महकमा हे सर्व शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत काय, त्या धातूचा मूळ अर्थ ‘लगाम घालणे’ असा सांगतात तो खरा मानावा काय, आणि तसे असेल तर रोग्याची नाडी पाहणारा हकीम या कुळात कसा शिरला. पहिल्या भागाचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे. दुसऱ्या भागाबद्दल अरबी कोशकारांचे मत तसेच आहे, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. तिसऱ्या भागासाठी विस्ताराने लिहावे लागेल, कारण तेथे धातूपेक्षा इतिहासाचा वाटा मोठा आहे.

प्रथम रचना पाहू. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि तो नुसता कधीच उच्चारला जात नाही. स्वरांच्या व काही ठरावीक वाढीव अक्षरांच्या साच्यात बसला की त्याचा शब्द होतो. या साच्याला वैयाकरण ‘वजन’ म्हणतात आणि ते दाखवण्यासाठी फ-अ-ल ही तीन व्यंजने नमुना म्हणून वापरतात. मराठी वाचकाला ही वजने नावाने ठाऊक नसली तरी कानाला ओळखीची असतात. ‘फाइल’ या वजनावर कर्ता तयार होतो : हाजिर, जाहिर, कातिल आणि आपला हाकिम. ‘मफऊल’ या वजनावर ज्यावर क्रिया घडली तो येतो : मजकूर, मंजूर, मशहूर आणि त्याच रांगेत महकूम, म्हणजे ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला तो किंवा ज्याच्यावर सत्ता चालते तो. ‘फईल’ हे वजन टिकाऊ गुण दाखवते : गरीब, शरीफ आणि हकीम. ‘मफअला’ या वजनावर स्थळवाचक शब्द होतात : मदरसा म्हणजे अध्ययनाची जागा, मकबरा म्हणजे दफनाची जागा, आणि महकमा म्हणजे निवाड्याची जागा, न्यायालय. हाकिम आणि हकीम यांतील फरक हा असा वजनाचा फरक आहे. एक जण निर्णय देतो, तर दुसऱ्याच्या ठिकाणी शहाणपण मुरलेले असते.

आता मूळ अर्थाकडे येऊ. दहाव्या शतकातील कोशकार इब्न फारिस यांनी प्रत्येक धातूच्या मुळाशी एक किंवा मोजके गाभ्याचे अर्थ शोधण्याचा उपक्रम हाती घेतला होता. ह-क-म बद्दल ते लिहितात की याचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे ‘मनअ’, रोखणे. न्यायनिवाडा अन्यायाला रोखतो म्हणून तो ‘हुक्म’. शहाणपण अज्ञानाला रोखते म्हणून ती ‘हिकमा’. आणि घोड्याच्या लगामाचा जो भाग त्याच्या जबड्याभोवती बसतो व त्याला उधळू देत नाही, तो ‘हकमा’. आपण वाचलेला लगामाचा अर्थ येथून आला आहे. तो कोशकारांनी केवळ कल्पनेने रचलेला नाही. उमय्या खलिफांच्या काळातील कवी जरीर हनीफा टोळीला दटावताना म्हणतो, ‘अहकिमू सुफहाअकुम’, म्हणजे ‘तुमच्यातल्या मूर्खांना आवरा’, आणि पुढे सांगतो की मला राग येईल याची मला तुमच्यासाठीच भीती वाटते. येथे न्यायाचा किंवा शहाणपणाचा काहीही संबंध नाही. ‘आवरा’ एवढाच अर्थ आहे, आणि कोशकार ही ओळ साक्षीला काढतात ती योग्यच आहे.

तरीही माझे मत असे की ‘रोखणे’ हा सर्व अर्थांचा एकमेव उगम समजू नये. अरबीच्या बहिणी असलेल्या भाषांत हीच तीन व्यंजने पाहिली तर तेथे ज्ञानाचा अर्थ ठळक दिसतो. हिब्रूत ‘होखमा’ म्हणजे शहाणपण आणि ‘हाखाम’ म्हणजे शहाणा. अरमाईकमध्ये ‘हक्कीम’ म्हणजे सुज्ञ. उगारित या प्राचीन सीरियातील नगराच्या मातीच्या पाट्यांवरही ही व्यंजने शहाणपणाच्याच अर्थाने आढळतात. आणि प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेत ‘हकामु’ म्हणजे समजणे, जाणणे. ज्या भाषा अरबीच्या लिखित कोशांपेक्षा हजार-दोन हजार वर्षे जुन्या आहेत त्यांची साक्ष बाजूला ठेवता येत नाही. त्यामुळे ‘आधी लगाम, मग त्यावरून शहाणपण’ असा सरळ क्रम लावण्यापेक्षा, जाणणे व त्यावरून निवाडा करणे हा अर्थ जुना, आणि आवरण्याचा अर्थ अरबीत विशेष वाढलेला, असे मानणे मला अधिक सुरक्षित वाटते. इब्न फारिस यांचा धागा अरबीपुरता उपयोगाचा आहे. अर्थ लक्षात ठेवायला तो फार चांगला आहे. पण स्मरणाची सोय आणि शब्दाचा इतिहास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

मूळ क्रियापद ‘हकमा’, वर्तमानकाळी ‘यहकुमु’. त्याचा अर्थ निर्णय देणे, निवाडा करणे, आणि त्यातून पुढे राज्य करणे. येथे शब्दयोगी अव्ययांकडे बारकाईने पाहावे, कारण अरबी वाचताना नवशिक्यांची चूक बहुधा तेथेच होते. ‘हकमा लहू’ म्हणजे त्याच्या बाजूने निकाल दिला. ‘हकमा अलैहि’ म्हणजे त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ‘हकमा बि-’ नंतर निकालात काय दिले ते येते. आणि ‘हकमा बैनहुम’ म्हणजे त्यांच्यात निवाडा केला. याच अव्ययांमुळे कायद्याच्या भाषेत तीन वेगवेगळ्या संज्ञा तयार झाल्या : ‘महकूम लहू’ हा ज्याच्या बाजूने निकाल लागला तो पक्षकार, ‘महकूम अलैहि’ हा ज्याच्याविरुद्ध लागला तो, आणि ‘महकूम बिही’ ही निकालाने मिळालेली वस्तू किंवा रक्कम. धातू एक, वजन एक, आणि तरीही एका छोट्या अव्ययाने जिंकलेला आणि हरलेला पक्षकार यांची अदलाबदल होते.

या क्रियापदाचे क्रियानाम म्हणजे ‘हुक्म’, आणि त्याचे अनेकवचन ‘अहकाम’. मराठीत आपण हुकूम म्हणजे आज्ञा समजतो, परंतु अरबीत त्याचा पहिला अर्थ निर्णय हाच आहे. इस्लामी धर्मशास्त्रात एखाद्या कृतीचा ‘हुक्म’ विचारला तर ती कृती वाजिब (आवश्यक), मंदूब (इष्ट), मुबाह (मुभा असलेली), मकरूह (नापसंत) आणि हराम (निषिद्ध) या पाच वर्गांपैकी कोणत्या वर्गात पडते, असा प्रश्न असतो. तेथे कोणी कोणाला आज्ञा करीत नसून कृतीची प्रत ठरवली जात असते. कुराणात प्रेषित याह्या यांच्याविषयी म्हटले आहे की त्यांना लहानपणीच ‘हुक्म’ दिला. तेथे ‘सत्ता’ किंवा ‘आज्ञा’ असे भाषांतर केले तर वाक्य विचित्र होते. बहुतेक भाष्यकार तेथे समज, सारासार जाणण्याची शक्ती असा अर्थ घेतात. म्हणजे हुक्म आणि हिकमा यांच्यामधली भिंत जुन्या अरबीत आपल्याला वाटते तितकी जाड नव्हती. ‘हुकूमा’ या शब्दाचेही तसेच. आज अरब देशांत त्याचा अर्थ मंत्रिमंडळ, सरकार. परंतु धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत ‘हुकूमत अदल’ ही संज्ञा येते ती, ज्या जखमेची भरपाई ठरावीक नाही तिची रक्कम निवाड्याने ठरवणे या अर्थाने. तेथे ‘न्यायी सरकार’ असे भाषांतर करणारा पूर्ण फसतो.

आता हकीम. ‘हिकमा’ म्हणजे शहाणपण, आणि कुराणात लुकमान यांना हिकमा दिल्याचे सांगितले आहे. म्हणून आपल्याकडेही लुकमान हकीम हे नाव शहाणपणाची परिसीमा म्हणून घेतले जाते. पुढे अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली तेव्हा तत्त्वज्ञानासाठी ‘फल्सफा’ हा उसना शब्द होताच, पण ‘हिकमा’ हा घरचा शब्दही त्याच अर्थाने रूढ झाला आणि तत्त्वज्ञ तो हकीम ठरला. त्या काळी तर्क, निसर्गविज्ञान आणि वैद्यक ही एकाच अभ्यासक्रमाची अंगे होती. इब्न सीना यांच्यासारखा माणूस तत्त्वज्ञही होता आणि वैद्यही. त्यामुळे वैद्याला आदराने हकीम म्हणण्याची रीत पडली, आणि लोकांचा संबंध तत्त्वज्ञानापेक्षा औषधाशी अधिक येत असल्यामुळे फारसी, तुर्की व उर्दूत तोच अर्थ मुख्य झाला. वैद्याचा नेमका अरबी शब्द ‘तबीब’ हा आहे आणि त्याच्या शास्त्राला ‘तिब्ब’ म्हणतात. आपल्याकडील युनानी तिब्ब ती हीच. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मला वारंवार विचारली जाते : तबीब आणि आपली तब्येत हे शब्द सख्खे वाटले तरी वेगळ्या धातूंचे आहेत. तब्येत ही ‘तबीअत’, स्वभाव किंवा प्रकृती. तिचे तिसरे व्यंजन ‘ऐन’ आहे, ‘बा’ नव्हे.

साधित क्रियापदांत, म्हणजे मूळ क्रियापद हे पहिले रूप धरून क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या वाढीव रूपांत, या धातूचा विस्तार उत्तम दिसतो, आणि त्यांपैकी दुसऱ्या रूपावर मी अधिक वेळ थांबणार आहे. मधले व्यंजन दुप्पट केले की ‘हक्कमा’ होते : कोणाला निवाडा करायला नेमणे, पंच मानणे. त्याचे क्रियानाम ‘तहकीम’, म्हणजे लवाद. पंच तो ‘हकम’. पतिपत्नीत बेबनाव झाला तर त्याच्या घरचा एक आणि तिच्या घरचा एक असे दोन हकम नेमावेत, असे कुराणात सांगितले आहे. इ. स. 657 मध्ये युफ्रेटिसकाठी सिफ्फीन येथे चौथे खलीफा अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्या सैन्यांत लढाई जुंपली असता मुआवियांच्या बाजूने भाल्यांवर कुराणाच्या प्रती उंचावल्या गेल्या आणि वाद तहकीमने मिटवण्याचे ठरले. अलींच्या वतीने अबू मूसा अल-अशअरी आणि मुआवियांच्या वतीने अम्र इब्न अल-आस हे दोन हकम झाले. अलींच्याच सैन्यातील एका गटाला हे मान्य नव्हते; ‘ला हुक्मा इल्ला लिल्लाह’, निर्णय फक्त अल्लाहचा, असा त्यांचा घोष होता, आणि ते पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले. अलींच्या नावावर सांगितले जाणारे प्रत्युत्तर शब्दार्थाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ते म्हणाले की बोल खरा आहे, पण त्यामागचा हेतू खोटा आहे. हुक्म अल्लाहचाच, परंतु ही माणसे म्हणतात ती गोष्ट ‘इम्रा’ची, म्हणजे राज्यकारभाराच्या अधिकाराची आहे. ‘हुक्म’ म्हणजे निवाडा की सत्ता, हा आज आपल्याला कोशात पडणारा प्रश्न सातव्या शतकात असा रणभूमीवर उभा राहिला होता. याहून विलक्षण म्हणजे त्या घोषामुळे ‘हक्कमा’ या क्रियापदाला ‘ला हुक्मा अशी घोषणा देणे’ असा आणखी एक अर्थ चिकटला, आणि ज्यांनी तहकीम नाकारली त्यांनाच इतिहासकारांनी ‘मुहक्किमा’ हे नाव दिले. नुसते वजन पाहून अर्थ लावणारा वाचक येथे नेमका उलट पक्षाला लवादाचे समर्थक ठरवील.

हेच दुसरे रूप आज शांतपणे रोजच्या कामात आहे. व्यापारी करारातील लवाद म्हणजे तहकीम. फुटबॉलच्या मैदानावरचा पंच म्हणजे हकम. आणि ज्या शोधपत्रिकेतील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात तिला ‘मजल्ला मुहक्कमा’ म्हणतात.

तिसरे रूप ‘हाकमा’, म्हणजे खटला चालवणे; त्यावरून ‘मुहाकमा’, खटला. चौथे रूप ‘अहकमा’, म्हणजे पक्के करणे, काम चोख करणे. जरीरच्या ओळीतले आवरणेही याच रूपात आहे. याचे कर्मवाचक रूप ‘मुहकम’, म्हणजे भक्कम, निःसंदिग्ध. कुराणातील काही आयती ‘मुहकमात’ आहेत व काही ‘मुतशाबिहात’, असे तिसऱ्या सूरेत म्हटले आहे. अर्थ पक्का असलेल्या आणि अनेक अर्थांची शक्यता असलेल्या, असा हा भेद आहे, आणि त्यावर भाष्यकारांनी शतकानुशतके लिहिले आहे. हा शब्द मराठीतही आला, हे फार जणांच्या ध्यानात नसते. जुन्या मराठी लेखनात ‘मोहकम’ येतो तो मजबूत, बळकट याच अर्थाने. शिखांच्या पंजप्याऱ्यांपैकी, म्हणजे खालसा पंथाच्या पहिल्या पाच दीक्षितांपैकी, भाई मोहकमसिंग यांच्या नावातही तोच शब्द आहे.

पाचवे रूप ‘तहक्कमा’, म्हणजे ताबा ठेवणे, आपल्या मर्जीने चालवणे. यंत्रावरच्या नियंत्रणाला आज ‘तहक्कुम’ म्हणतात, आणि दूरचित्रवाणीचा रिमोट म्हणजे ‘दूरून तहक्कुम करण्याचे साधन’. अरबीत ‘ह’ दोन आहेत, घशातला घर्षणयुक्त आणि साधा, तर देवनागरीत दोहोंसाठी एकच अक्षर. साध्या ‘ह’ने लिहिलेला ‘तहक्कुम’ हा निराळ्या धातूचा शब्द असून त्याचा अर्थ उपहास, टवाळी असा आहे. मराठी लिप्यंतरात दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी देवनागरीवरून अरबी धातू ओळखू देत नाही. आधी अरबी अक्षरे पाहावीत, मगच नाते जोडावे.

उरलेली रूपे लवकर सांगतो. सहावे ‘तहाकमा’, दोन्ही पक्षांनी मिळून निवाड्यासाठी जाणे. आठवे ‘इहतकमा’, एखाद्या निकषाचा किंवा न्यायाधीशाचा आधार घेणे. दहावे ‘इस्तहकमा’, पक्के रुजणे, ज्यापासून ‘इस्तिहकाम’, तटबंदी किंवा मजबुती, हा उर्दूतही वापरला जाणारा शब्द झाला. सातवे व नववे रूप या धातूला व्यवहारात नाही. दुसरीकडे, जुन्या दहा रूपांत न बसणारा ‘हौकमा’ हा शब्द अलीकडे संस्थांच्या सुशासनासाठी घडवला गेला. त्याची घडण ‘आलम’पासून बनवलेल्या ‘औलमा’, म्हणजे जागतिकीकरण, या शब्दासारखी आहे. एवढ्या जुन्या धातूतून आजही नवे शब्द निघतात, ही गोष्ट मला अरबीच्या अभ्यासात सर्वांत आनंदाची वाटते.

हे शब्द मराठीत थेट अरबस्तानातून आलेले नाहीत. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या आणि मोगलांच्या फारसी कारभारातून ते आले, आणि म्हणून त्यांवर कचेरीची छाप आहे. बादशहाच्या आज्ञेवरून वजिराने काढलेले पत्र ते ‘हस्बुल हुकूम’. साहजिकच हुक्ममधला निवाडा मागे पडून आज्ञा पुढे आली. निवाड्याचा अर्थ मराठीत पूर्णपणे बुजला मात्र नाही : दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाला आपण आजही हुकूमनामा म्हणतो, आणि तेथे कोणी साहेब हुकूम सोडीत नसून दाव्याचा निवाडा झालेला असतो. हाकिम म्हणजे अंमलदार झाला. महकमा उर्दूत न्यायालय न राहता सरकारी खाते झाला, तर इंडोनेशियात ‘महकामा’ आणि स्वाहिलीत ‘महाकामा’ हे न्यायालयच राहिले. इंडोनेशियात ‘हाकिम’ हा न्यायाधीश आणि ‘हुकुम’ हा कायदा आहे. तुर्कीत ‘हेकिम’ म्हणजे वैद्य आणि ‘हाकेम’ म्हणजे सामन्यातील पंच. हिकमत आपल्याकडे आली ती युक्ती, कसब या अर्थाने. हिकमती माणूस म्हणजे ज्ञानी पुरुष नव्हे, तर अडचणीतून वाट काढणारा, अंगी चार कला असलेला माणूस. पत्त्यांच्या डावात इतर रंगांना मारणारा रंग तो हुकूम, आणि खात्रीने काम फत्ते करणारा तो हुकमी एक्का. हुकूमशहा हा तर अरबी हुक्म आणि फारसी शाह यांचा जोड; हिंदीने त्यासाठी तानाशाह पत्करला, आपण हा.

मराठीने उच्चारातही आपले नियम लावले. ‘हुक्म’ हा अरबीत एकाच अक्षरावयवाचा शब्द. शेवटचे जोडव्यंजन आपल्याला नकोसे वाटते, म्हणून मध्ये ‘ऊ’ घालून आपण हुकूम केले. पण विभक्ती लागताच तो ‘ऊ’ निघून जातो : हुकमाने, हुकमाचा ताबेदार. मुलूख आणि मुलखात, कुलूप आणि कुलपाला ही त्याच चालीची रूपे असून आपले देशी लाकूड व लाकडाला हेही तसेच चालतात.

शेवटी नात्यांविषयी. हक्क आणि हकीकत यांचा या कुळाशी संबंध नाही. त्यांचा धातू ह-क-क असून त्यातला ‘क’ हा काफ नव्हे, तर पडजिभेजवळून उच्चारला जाणारा काफहून वेगळा ‘क़ाफ’ आहे. हाक, हाकणे आणि नेम हुकणे हे शब्द अरबी नाहीतच, जरी ‘हुकमी नेम’ आणि ‘हुकलेला नेम’ शेजारी ठेवले तर कोणालाही शंका यावी. आपण मोडी कागद वाचत असल्याचे लिहिले आहे, म्हणून एवढे सांगतो की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार वेगळा दाखवला जात नाही. त्यामुळे हाकिम आणि हकीम यांना वेगळे करणारी खूण म्हणजे ‘हा’चा काना एवढीच उरते. काना पुसट असेल तर शब्दावर डोळे न ताणता ओळीत पुढे काय आहे ते पाहावे : वसुली, ताकीद, परगणा असेल तर तो अंमलदार, औषध, इलाज, दुखणे असेल तर वैद्य.